तिसरा बंद

ताडाचं झाड कुणासाठी थांबत नाही. माघात फुलोऱ्याच्या लोंब्या चिमट्यानं चेचायच्या, टोकं छाटून गाडगी लावायची, आणि मग पावसाळ्यापर्यंत रोज सकाळी एकदा आणि उन्हं उतरताना एकदा वर चढून कोयतीनं नखाएवढा नवा काप घ्यायचा. एक दिवस चुकला तर काप सुकतो. तीन दिवस चुकले तर लोंबी मेली म्हणा. आमच्या तानबो गावच्या पोरांना हे कुणी शिकवत नाही, हवेतच असतं. चॉ झानला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणालं तर मी तोंडावर सांगेन, त्याला सगळं ठाऊक होतं आणि तरी तो ढोलामागं गेला.

मी मा ओन, चॉ झानच्या घरची शेजारीण. माझा नवरा वारला तेव्हापासून माझी बारा झाडंही त्यांच्याच घरचा माणूस चढायचा, आणि रस आटवायची खोप आमची एकच होती. दोन चुली, एक माझी, एक चॉ झानच्या आईची, मा न्येनची. त्यामुळं त्या घरात काय शिजलं नि काय करपलं हे मला दुसऱ्या कुणाकडून कळायची गरज नव्हती.

आमच्या ब्रह्मी राजाला इंग्रजांनी समुद्रापार रत्नागिरीला नेऊन ठेवलं, त्यानंतर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी हे घडलं. मा न्येनचा नवरा ऊ थाडुन तेव्हा साठी ओलांडून गेला होता. पन्नास वर्षं झाडं चढून त्याचे गुडघे नारळाएवढे फुगले होते आणि पावलं आतल्या बाजूला वळली होती. तीन मुलं गेल्यावर चौथा हा चॉ झान जगलेला. बावीस वर्षांचा, माकडासारखा चढणारा, गळा गोड. त्या वर्षी मा न्येननं ताडाखालच्या नाताला, म्हणजे आमच्या झाडाच्या राखणदाराला, नारळ वाहून जाहीर केलं होतं, "यंदापासून म्हातारा झाडावर चढायचा नाही. पोरगं सगळं करील." साऱ्या गावाला सांगून आली होती ती.

आणि त्याच महिन्यात आमच्या विहाराच्या मोठ्या भंतेंच्या दहनाचा दिवस ठरला.

भंते मागच्या पावसाळ्यात गेले होते. देह मधात घालून पेटीत ठेवला होता, पेटीला सोन्याचा वर्ख लावला होता, आणि शेतं रिकामी होईपर्यंत सगळा मुलूख वाट बघत होता. आमच्याकडं मोठ्या भंतेंचं दहन रडत करत नाहीत. अकरा गावं अकरा बाण घेऊन येतात. अख्खं खोड पोखरून त्यात बंदुकीची दारू ठासायची, गाड्यावर चढवायचं आणि लांबून दहनाच्या मनोऱ्यावर सोडायचं. ज्याच्या बाणानं मनोरा पेटला त्या गावाचं पुण्य मोठं आणि मिशी त्याहून मोठी. ज्याचा फुसका निघाला त्याच्यामागं बाकीची गावं सुपं बडवत वेशीपर्यंत जातात. ते वर्षानुवर्षं लोक विसरत नाहीत.

"बा, मुखियानं मला बाणाचा म्होरक्या केलंय," चॉ झान खोपीत येऊन म्हणाला. डोक्याला गुलाबी रुमाल, कानावर फूल.

मा न्येननं उलथनं कढईत तसंच धरलं. "आणि झाडं?"

"दहाच दिवस तर आहेत, आई. सकाळची चढून जाईन, संध्याकाळची येऊन चढेन."

"हे तू बोलतोयस की तुझ्या तोंडाचा वास बोलतोय?"

पोरगं हसलं. त्याचं हसणंच असं होतं की रागावणाराच खुळा दिसायचा. ऊ थाडुन कोपऱ्यात चिरूट ओढत बसला होता, तोही हसला.

"माझ्या वेळी आमचा बाण," तो सुरू झाला, "बारा हात लांब होता. मी वर उभा राहून नाचलो. झीगोन गावच्या पोरी—"

"पुरे," मा न्येन म्हणाली. "ती कहाणी आपल्या बैलांनासुद्धा पाठ आहे."

"जाऊ दे गं त्याला. हे वय एकदाच येतं. अडलंनडलं तर मी आहे की."

"तुम्ही? तुम्हाला चटईवरून उठताना हात द्यावा लागतो, चॉ झानचे बा."

"चटई खाली असते," म्हातारा म्हणाला. "शिडीला धरायला तरी काहीतरी असतं."

सगळे हसलो. मीही हसले, मेली. मला आजही ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पहिल्या दिवशी पोरगं दोन्ही वेळा आलं. दुसऱ्या दिवशी सकाळचं दुपारी आलं, संध्याकाळचं आलंच नाही. तिसऱ्या दिवशी विहाराच्या माळावरून ढोल ऐकू येत होते आणि झाडाखाली कुणीच नव्हतं. मा न्येन वाटेकडं बघत उभी राहिली. ऊन अंगावर आलं. मग ऊ थाडुननं लुंगीचा काचा मारला, कमरेला कोयतीचं म्यान बांधलं, गाडग्यांची कावड घेतली आणि पहिल्या झाडाला हात लावला.

चाळीस झाडं. माझी बारा धरून बावन्न.

माणूस झाडावर चढतो तेव्हा खालून त्याचे फक्त तळवे दिसतात. ऊ थाडुनचे तळवे मी त्या आठवड्यात इतके पाहिले की अजून डोळ्यांपुढं येतात. फाटलेल्या टाचा, एकेक पायरीवर थरथरायच्या. वर पोचला की लोंबीला नवा काप घेण्याआधी तो बराच वेळ खोडाला कवटाळून राहायचा. मा न्येन खाली गाडगी मांडत त्याच्याशी बोलत राहायची.

"अहो, यंदा वांगी लावायची का?"

वरून काही वेळानं, "लाव."

"आणि तुमच्या बहिणीला तीळ पाठवायचे?"

"पाठव."

तिला वांग्यांचं काही पडलं नव्हतं. उत्तर आलं नाही की तिच्या हातातलं गाडगं खाली जायचं आणि ती मान वर करून तोंड उघडं टाकून बघायची. चाळीस झाडांखाली चाळीस वेळा. एक दिवस माझ्या झाडाखाली तिला विचारायला काही उरलंच नाही, तर ती म्हणाली, "अहो, आज कुठला वार?" आणि वरून तो खेकसला, "अगं, चढू दे की मला!" तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

चौथ्या दिवशी झीगोनच्या पोरांची गाडी रस्त्यानं गेली. ढोल, झांजा, बैलांच्या शिंगांना कागदी फुलं. म्हातारा अर्ध्या शिडीवर होता.

"ओ आजोबा!" एकजण ओरडला. "तुमच्या गावात जवान संपले की काय?"

"संपले नाहीत रे," दुसरा म्हणाला, "ते बाणात लपून बसलेत!"

"सावकाश उतरा हो आजोबा, आम्ही परत येईपर्यंत!"

मी खालून त्यांच्या आईबापांचा उद्धार केला. पण ते हसत गेले. ऊ थाडुन शिडीवर तसाच थांबला, वर नाही, खाली नाही. उतरल्यावर त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. तो पाणी प्यायला आणि इतकंच म्हणाला, "बाण असा झाला पाहिजे, की ह्या झीगोनच्या कुत्र्यांनी पुढची पन्नास वर्षं तोंड वर करू नये."

म्हणजे राग आला तो पोरावर नाहीच. मला तेव्हा नवल वाटलं. आता वाटत नाही. त्याचं मन विहाराच्या माळावर नाचत होतं आणि गुडघे इकडं शिडीवर होते.

त्याच दिवशी दुपारी चॉ झान आला. चार मित्र बरोबर, सगळ्यांचे डोळे लाल, हात कोळशानं काळे. मा न्येन नदीवर गेली होती. पोरगं खोपीमागं गेलं आणि आतून चुना न लावलेली, रसानं भरलेली आठ गाडगी काढून कावडीत घालू लागलं. गुळासाठी गाडग्याला आतून चुना फासतात, म्हणजे रस आंबत नाही. बिनचुन्याच्या गाडग्यात दुपारपर्यंत ताडी होते.

"मावशी, आईला सांगू नको."

"काय सांगू नको? तुझा बाप सकाळपासून बावन्न झाडं चढला ते? त्याच्या मांडीला गोळे आले ते?"

त्यानं बापाकडं पाहिलं. म्हातारा सावलीत आडवा पडला होता, तोंड उघडं, हात पोटावर. उजव्या हाताची बोटं झोपेतसुद्धा आकडल्यासारखी मिटलेली. चॉ झान त्याच्याजवळ बसला आणि एकेक बोट हलकेच सरळ करू लागला. तेवढ्यात मित्रांनी हाक मारली.

"उद्या येतो," तो म्हणाला. "शपथ, मावशी. उद्या दोन्ही वेळा येतो."

दुसऱ्या दिवशी तो आला खरा, पण मुखियाला घेऊन. आणि झाडं चढायला आला नव्हता.

"ऊ थाडुन," मुखिया म्हणाला, "बाण पोखरून झाला. आता बंद बांधायचे. तुझ्यासारखा आवळणारा ह्या अकरा गावांत दुसरा नाही. तू बांधलेली शिडी वादळात हलत नाही."

बाणाला सात बंद असतात. आधी वेत, त्यावर ओल्या कातड्याच्या वाद्या. वाद्या वाळल्या की खोडाला लोखंडासारख्या धरतात. त्या जोरावर आतली दारू मागं फेकली जाते आणि बाण पुढं सुटतो. बंद ढिला राहिला तर खोड तिथंच उकलतं. हेही आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं.

"तो थकलाय," मा न्येन म्हणाली. "दुसऱ्या कुणाला सांगा."

"कोण थकलाय?" म्हातारा उठलासुद्धा. चटईवरून, हात न घेता.

आम्ही बायका भाताच्या पाट्या घेऊन मागोमाग गेलो. माळावर जत्रा भरली होती म्हणा. दारू कुटणारी पोरं, गाणी, थट्टा, पोरींच्या गालांवर ताज्या उटीचे पट्टे. मधोमध ते खोड, चौदा हात लांब, दोन माणसांच्या मिठीत न मावणारं. ऊ थाडुननं त्यावरून तळहात फिरवला. चॉ झान खोडावर चढून सगळ्यांना ओरडून सांगत होता, "बघा रे! माझ्या बाचे हात बघा!"

पहिला बंद झकास बसला. दुसराही. पाय खोडाला लावून, अंग मागं टाकून तो वादी खेचायचा आणि अंगठ्यानं दाबून गाठ मारायचा. तिसऱ्या बंदाला मी त्याच्या अगदी जवळ होते, पाणी घेऊन. त्यानं वादी खेचली, अंगठा गाठीवर ठेवला, आणि अंगठा घसरला. वादी बोटभर सुटली. त्यानं पुन्हा खेचली. पुन्हा सुटली. त्याच्या मनगटाची शीर उडताना मला दिसली. मग त्यानं चटकन वरून दुसरी वादी फिरवली, दोन वेढे, तीन वेढे, आणि टोक आत खोचून टाकलं. वरून बघणाऱ्याला तोच बंद सगळ्यांत जाड दिसत होता.

"वा!" पोरं ओरडली. "तिसरा तर हत्तीला बांधायचा झाला!"

त्यानं उरलेले चार बांधले. कसे बांधले हे मी बघितलं नाही. मी त्याच्या तोंडाकडंच बघत होते.

बंद झाले की भंतेंच्या पेटीपुढचं पाणी बाणावर शिंपडतात. एकदा पाणी पडलं की कुठल्याही बंदाला परत हात लावायचा नाही. सोडला तर त्या गावाचा बाण बाद, आणि भंतेंच्या पुण्यकर्मात विघ्न आणल्याचं पाप गावावर. पाण्याचं भांडं येईपर्यंत वेळ होता. मुखिया विचारत होता, "झालं का, ऊ थाडुन? शिंपडू?"

अकरा गावचे लोक बघत होते. झीगोनची दोन पोरंही उभी होती, तीच गाडीतली.

"शिंपडा," म्हातारा म्हणाला.

परत येताना तो माझ्याबरोबर मागं राहिला. मा न्येन पुढं गेली होती, चुली पेटवायला.

"मा ओन," तो म्हणाला, "तिसरा बंद लागला नाही गं."

"मी बघितलं."

"हाताला जोरच राहिला नाही. पकडच येत नाही." त्यानं मूठ माझ्यापुढं धरली. ती पूर्ण मिटतही नव्हती, पूर्ण उघडतही नव्हती.

"मग सांग मुखियाला."

"पाणी पडलंय."

"मग पोराला सांग. बत्ती तोच लावणार ना?"

"सांगतो," तो म्हणाला. "वाद्या वाळल्या की कदाचित धरतील. ऊन चांगलं आहे. पण सांगतो."

मी मा न्येनला काही बोलले नाही. का नाही, हे मला विचारू नका. नवरा-बायकोच्या मधे कुठं पडायचं, असं म्हणाले असेन मनात. शिवाय ऊन खरंच चांगलं होतं.

पुढचे चार दिवस म्हातारा झाडं चढत राहिला आणि पोरगं दारू ठासत राहिलं. ठासणी म्हणजे मोठी मजा. लाकडी मुसळं घेऊन पोरं तालावर उड्या मारतात, गाणं म्हणतात, खोड घुमतं. आमच्या खोपीपर्यंत आवाज येत होता. प्रत्येक ठोक्याला ऊ थाडुन मान वर करायचा. भात पुढं तसाच राहायचा.

"जेवत का नाही?" मा न्येन विचारायची.

"जेवतो."

"पोरगं चार दिवस घरी आलं नाही म्हणून झुरताय होय? आता उद्या दहन झालं की येईलच. मग त्याच्या पायात दोरीच बांधते."

दहनाच्या दिवशी उन्हानं माळ भाजत होता. वारा नव्हता. धुळीनं सूर्य पिवळा झाला होता. माणसांचा समुद्र, ढोल, आणि मधोमध सात मजल्यांचा कागदी मनोरा, त्यात भंतेंची पेटी. दुपार कलली तसे बाण सुटू लागले. चार बाण बाजूनं गेले. एक तर उलटा फिरून लोकांत शिरला, एका म्हशीचे पाय मोडले, लोक किंचाळत पळाले आणि परत हसत जागेवर आले. झीगोनचा फुसका निघाला. आमच्या पोरांनी अशी सुपं बडवली की कान किटले.

मग आमचा बाण आला. चॉ झान वर नाचत होता. उघडं अंग, मांड्यांवर निळं गोंदण, रुमालात जाईची फुलं. खरं सांगते, इतका देखणा मी त्याला कधी पाहिला नव्हता. मा न्येन रडत होती आणि हसत होती. "माझं पोरगं," शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "ते वरचं माझं."

ऊ थाडुन गर्दी फोडत पुढं निघाला. मी त्याच्यामागं. लोकांनी त्याला वाट दिली, बंद बांधणारा तो म्हणून. त्यानं गाड्यापाशी जाऊन पोराचा घोटा धरला.

"चॉ झान, खाली वाक. ऐक."

पोरगं वाकलं. घामानं चमकत होतं. "काय बा?"

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. गाड्याच्या एका अंगाला मुखिया होता, दुसऱ्या अंगाला आमची सगळी पोरं, आणि पलीकडं झीगोनचे लोक, फुसक्या बाणाची लाज अंगावर घेऊन, आमचं काही चुकतंय का ह्याचीच वाट बघत. ढोल क्षणभर थांबला होता. सगळे ऐकत होते.

"बत्ती लांबून लाव," ऊ थाडुन म्हणाला. "लांब काठीनं."

चॉ झान त्याच्याकडं बघत राहिला. मग हसला. "हो, बा." त्यानं आपल्या रुमालातलं एक फूल काढून बापाच्या रुमालात खोचलं. लोकांनी जल्लोष केला. ढोल परत सुरू झाला.

मी बोलायला हवं होतं. मी दोन हातांवर उभी होते.

सगळ्यांना मागं सारून चॉ झान एकटा काठी घेऊन गेला. दुसरं पोरगं, पो सी नावाचं, काठी मागत होतं, त्याला त्यानं ढकलून लांब घालवलं. वाकला. धूर निघाला. बाण एकदा पुढं हबकला, हातभर. मग जो आवाज झाला तो बाण सुटल्याचा नव्हता.

लाकडाच्या ढलप्या आकाशातून पडत होत्या. धूर विरला तेव्हा गाडा उलटला होता आणि खोड मधूनच फाकलं होतं. मला वाटलं सगळे ओरडताहेत, पण कुणीच ओरडत नव्हतं, माझे कान बंद झाले होते. चॉ झान गुडघ्यांवर बसला होता आणि आपले हात चेहऱ्यापुढं धरून बघत होता. उजव्या हाताच्या जागी हात म्हणण्यासारखं काही नव्हतं. मा न्येन पोचली तेव्हा ती त्याची बोटं मातीत शोधू लागली. खाली बसून, धूळ चाळत. दोन बायकांनी तिला उचललं.

मनोरा झीगोनच्याच शेजारच्या गावानं पेटवला, असं मागून कळलं.

शहरातल्या दवाखान्यात उजवा हात मनगटापासून काढला. डाव्याचा अंगठा आणि करंगळी राहिली. मा न्येन महिनाभर तिथं त्याच्या उशाशी राहिली. इकडं म्हातारा एकटा. रोज बावन्न झाडं. झाडाखाली आता मी उभी राहायचे, पण मी काही विचारायचे नाही आणि तो काही बोलायचा नाही. तो पडेल असं मला रोज वाटायचं. तो पडला नाही. मला तर वाटतं, त्याला पडायचं होतं.

पोरगं घरी आलं तेव्हा गाव भेटायला आलं. सगळ्यांचं एकच. दारू जास्त ठासली. ताडी पिऊन ठासली की असंच होणार. मुखियासुद्धा म्हणाला, "पोरांच्या अंगात मस्ती असते, वजन कोण मोजतो?" चॉ झान मान खाली घालून म्हणायचा, "हो. जास्तच ठासली मी." आणि म्हातारा उठून बाहेर जायचा.

मा न्येन त्याला घास भरवायची. प्रेमानं भरवायची, पण तोंड चालूच. बाईचं दुःख कुठून तरी बाहेर पडणारच.

त्या दिवशी आम्ही चौघं खोपीत होतो. उन्हं उतरायला लागली होती. भात आणि मासळीची चटणी. पोराच्या हनुवटीवरून भात सांडला.

"नीट खा," ती म्हणाली. "बावीस वर्षांचा घोडा, आता मी भरवायचा. आणि तो बघ तुझा बाप. त्या वयात पुन्हा निघालाय झाडावर. मी नाताला नारळ वाहिला होता रे! दहा दिवस नाचलास, आठ गाडगी ताडी ढोसलीस, आणि दोन म्हाताऱ्यांच्या तोंडातला घास घालवलास. त्या दारूत चार मुठी कमी घातल्या असत्यास तर—"

"दारू बरोबर होती," ऊ थाडुन म्हणाला.

तो दारात उभा होता, कोयती कमरेला बांधून. मा न्येन वळली.

"दारू बरोबर होती. तिसरा बंद लागला नव्हता. मी बांधला तो. अंगठा घसरला, मी वरून वादी गुंडाळून झाकला. मला ठाऊक होतं. सांगायला गेलो आणि सगळ्यांसमोर जीभ उचलली नाही. त्याला शिव्या देऊ नको. मला दे."

कढईतला रस उतू जायला लागला होता.

"मलापण ठाऊक होतं, बा," चॉ झान म्हणाला.

म्हातारा दारातून आत आला.

"ठासताना खोड तिथं कुरकुरायचं. मी हात घालून पाहिला, वेढ्यांच्या खाली बोट जात होतं." पोरगं बापाकडं बघत नव्हतं, आपल्या मांडीवरच्या थोट्या हाताकडं बघत होतं. "पण तुमचा बंद होता. सगळ्यांना मीच ओरडून सांगितलं होतं, माझ्या बाचे हात बघा म्हणून. आता सोडायचा म्हटलं असतं तर झीगोनवाल्यांनी तुमच्यामागं सुपं बडवली असती. म्हटलं, धरेल. नाही धरला तर मीच असेन तिथं, दुसरा कुणी नको. आणि झाडं मी चढली असती तर तुमचा अंगठा घसरलाच नसता. म्हणून मी कुणाला काही बोललो नाही."

ऊ थाडुन खांबाला धरून खाली बसला. चटईवर नाही, तिथंच मातीत. त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो मी परत कधी ऐकू नये.

मा न्येननं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा मुलाकडं. मग माझ्याकडं.

"तू पाणी घेऊन उभी होतीस तिथं," ती म्हणाली. "मा ओन, तुला?"

मी चुलीतली लाकडं मागं ओढली. दुसरं काही करता येईना.

"म्हणजे मलाच तेवढं ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही तिघं एकमेकांची इज्जत सांभाळत होतात. माझ्या पोराचे हात कुणी सांभाळायचे होते?"

तिनं पोराच्या हनुवटीवरचा भात बोटांनी पुसला, उरलेला घास त्याच्या तोंडात घातला आणि कढई उतरवायला उठली.

बाहेर सावल्या लांब झाल्या होत्या. झाडं थांबणार नव्हती. ऊ थाडुन खांबाचा आधार घेऊन उठला आणि पहिल्या ताडाकडं गेला. चॉ झानही उठला. माझ्याकडं आणि आईकडं न बघता बापामागून गेला. म्हातारा चढू लागला, आणि पोरगं शिडीला दोन्ही खांदे टेकवून, पाय मातीत रोवून तिथंच उभं राहिलं. हातांनी धरता येत नव्हती म्हणून पाठीनं.

मा न्येननं ते खोपीतून पाहिलं. ती झाडाखाली गेली नाही, वरती काही विचारलंही नाही. माझी चूल मात्र त्या दिवसापासून तिनं वेगळ्या छपराखाली न्यायला सांगितली, आणि मी नेली.